आकाशात वीज गेल्यावर

प्रवासी जेट विमानाची वीज इंजिनांना जोडलेल्या जनित्रांतून येते. एक जनित्र बंद पडले तर उरलेली त्याचा भार उचलतात. सर्वच थांबली तर बॅटरी केवळ अत्यावश्यक उपकरणे चालविते. ७ जानेवारी २००८ रोजी बँकॉकला उतरू पाहणाऱ्या एका बोइंग ७४७ मध्ये स्वयंपाककक्षाकडील पाणी जनित्रांच्या नियंत्रकांत शिरले व चारपैकी तीन मुख्य विद्युत्‌वाहिन्या निर्जीव झाल्या. तरीही विमान सुखरूप उतरले.

अशा वेळी वैमानिक आधी बिघाडाचे कारण शोधीत नाही. आधी विमान समतोल राखतो. त्यासाठी क्षितिजदर्शक हवा, कारण अंधारात मनुष्याच्या कानातील तोलेंद्रिय त्यास सहज फसविते.

मुंबईने याचे दारुण उदाहरण पाहिले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईस निघालेल्या ‘सम्राट अशोक’ या एअर इंडियाच्या विमानात मुख्य वैमानिकासमोरील क्षितिजदर्शक बिघडला. विमान उजवीकडे कलले आहे असे समजून त्याने ते डावीकडे झुकविले. खाली काळा समुद्र. बाहेर क्षितिज नाही. वांद्र्यासमोर २१३ जण मृत्युमुखी पडले. वास्तविक सहवैमानिकासमोर दुसरा आणि मधोमध तिसरा, राखीव क्षितिजदर्शक होता. दोहोंत मतभेद झाल्यास निवाडा त्या तिसऱ्याने करावयाचा असतो.