नवी गाडी ओढत नाही तेव्हा

काशीगावातून निघून फाउंटन हॉटेलपाशी घोडबंदर रस्त्याला वळलं की पुढे गायमुखचा घाट लागतो. सह्याद्रीतल्या घाटांपुढे तो काहीच नाही. पण कंटेनरच्या मागे अडकून वेग पार उतरल्यावर पुन्हा चढ घ्यायचा झाला, की गाडीत किती दम आहे ते लगेच कळतं. माझी नवी कोरी 200 सीसीची ऑफ-रोड गाडी तिथे ओढतच नव्हती. रेस पिळली की आवाज वाढायचा, वेग नाही. अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात : सायलेन्सर बदल, उघडा फिल्टर बसव, ईसीयू रिमॅप करून घे. मीरा रोड-भाईंदरकडे अशा गाड्या आता बऱ्याच दिसतात आणि त्या घेणाऱ्या मुलामुलींचे पैसे नको तिथे जाताना मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी इंजिन समजून घ्या. हीरो एक्सपल्स 200 4व्ही या गाडीची कमाल ताकद साधारण 19 पीएस आहे, पण ती मिळते 8500 आरपीएमला. टॉर्क 17.35 न्यूटन मीटर, तोही 6500 ला. जुनी 411 सीसीची हिमालयन 32 न्यूटन मीटर देते आणि तेही 4000-4500 च्या आसपास. म्हणजे लहान इंजिन फिरवल्याशिवाय कामाला लागत नाही. स्कूटर किंवा 100 सीसीची गाडी चालवून आलेला हात मात्र सवयीने 4500 लाच वरचा गिअर टाकतो. तिथे या इंजिनाची जेमतेम निम्मी ताकद हाताशी असते. त्यात नव्या गाडीला रनिंग-इनची मर्यादा असते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसेपर्यंत गाडी थोडी जड वाटणारच. मॅन्युअलमधली मर्यादा पाळा, पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदला आणि मगच गाडीबद्दल मत बनवा.

माझ्या गाडीचं दुखणं मात्र या सगळ्यापलीकडचं होतं. पहिली सर्व्हिसिंग झाली तरी फरक पडेना. शेवटी आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी मागचं चाक स्टँडवर उचललं, गाडी न्यूट्रल केली आणि हाताने चाक फिरवलं. अर्धा फेरा होऊन ते थांबलं. मागचा डिस्क ब्रेक धरून बसला होता. पेडलला थोडीसुद्धा ढिलाई ठेवलेली नव्हती, त्यामुळे पाय काढला तरी मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता. तसं झालं की ब्रेक ऑइलला टाकीत परतायची वाट मिळत नाही. डिस्क तापते, तिच्याबरोबर ऑइल तापून फुगतं आणि पॅड आणखी घट्ट धरतात. सकाळी घराजवळ बरी वाटणारी गाडी ट्रॅफिकमधून घाटात पोहोचेपर्यंत का मरगळायची, ते तेव्हा उलगडलं. ही तपासणी घरीही होते. शक्य तितका कमी ब्रेक वापरून थोडी चालवा, थांबा आणि डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाका. चुर्रकन आवाज आला तर ब्रेक धरतो आहे. बोट मात्र लावू नका, भाजेल.

काकांनी मग रेसची केबल पाहिली. तीही जास्त सैल होती, मूठ पूर्ण पिळूनही थ्रॉटल पूर्ण उघडत नव्हता. उलट चेन अति ताठ होती. ऑफ-रोड गाडीत ही चूक फार महागात पडते. सस्पेन्शनची हालचाल मोठी असते आणि मागचं चाक वर जाताना चेन अजून ताणली जाते. ताण बेअरिंगवर येतो, ताकद तिथेच खर्च होते. चेनची ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि मग कुणाला तरी सीटवर बसवून पुन्हा एकदा बघा. क्लचची केबल अति ताणलेली असली तर प्लेटा घसरतात, तेही तपासून घ्या. टायरमधली हवा तर दर आठवड्याला बघायचीच गोष्ट आहे. हे सगळं झाल्यावर त्याच चढावर गाडी तिसऱ्या गिअरवर मोकळी चढली, आणि त्यासाठी एकही नवा पार्ट लागला नाही.

आता सल्ल्यांकडे. मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो, ताकद नाममात्र. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल-हवेचं प्रमाण सांभाळून घेतो, पण पूर्ण रेसवर ईसीयू ठरलेल्या नकाशावरच चालतो. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, आणि इंजिन तापतं. उघड्या फिल्टरबद्दल तर मी कळकळीने नको म्हणेन. मातीत चालणाऱ्या गाडीच्या इंजिनात बारीक धूळ गेली की सिलिंडर झिजतो. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलला सगळा दोष देणारेही भेटतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते हे खरं, पण त्याचा फटका मुख्यतः मायलेजला बसतो.

एवढं करूनही चढावर जोर कमी वाटला तर पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा. माझा यावर विश्वास आहे, कारण यात इंजिनाला हात लागत नाही. 13 च्या जागी 12 दात घातले की प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर सुमारे 8 टक्के वाढतो. वेग त्याच प्रमाणात उतरतो, हायवेवर इंजिन जास्त फिरतं आणि चेन थोडी लवकर झिजते. वॉरंटीला बाधा येते का, ते सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी घ्या. जुनं 13 दातांचं स्प्रॉकेट टाकून देऊ नका. अहमदाबाद हायवेने लांबचा पल्ला गाठायचा असेल तेव्हा ते परत बसवा आणि चेनची ढिलाई नव्याने जुळवून मगच वर्सोव्याचा पूल ओलांडा.