सुरांची सोबत

दिवेलागणीची वेळ झाली की महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत देवळातून टाळांचा नाद ऐकू येतो. हरिपाठास आरंभ झालेला असतो. मध्यभागी गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी, दोन्ही बाजूंस समोरासमोर टाळकरी आणि साथीला पखवाज, असा हा थाट असतो. या मंडळींत साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे पुष्कळ दिसतात. दिवसभर ओसरीवर मुकाट्याने बसलेले आजोबा या वेळी काठी भिंतीला टेकवून हाती टाळ घेतात. त्यांना हा उत्साह कोठून येतो?

प्रथम श्वासाचा विचार करू. स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास उथळ असतो. परंतु अभंगाची ओळ एका दमात म्हणावयाची, तर छाती भरून श्वास घ्यावा लागतो आणि तो जपून, हळूहळू सोडावा लागतो. छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल या स्नायूला त्यामुळे काम मिळते.

दुसरी गोष्ट स्मरणाची. लहानपणी पाठ झालेले शब्द चालीच्या आधाराने मनात दीर्घकाळ टिकतात. सकाळी काय जेवलो हे विसरणारे वृद्धही कित्येकदा पहिले शब्द कानी पडताच सारा अभंग म्हणू लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. एकट्याचा दम तुटला की गाणे तुटते. समूहात मात्र एकाचा श्वास संपला तरी ओळ संपत नाही. शेजारचा ती पुढे नेतो. थकलेला माणूस क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरात सूर मिसळतो. त्याला कोणी हसत नाही. उलट, एखाद्या दिवशी तो आला नाही, तर त्याची जागा रिकामी दिसते व चौकशी होते. आपली कोणीतरी वाट पाहते, ही जाणीव वार्धक्यात फार मोठा आधार देते.

हा अनुभव शास्त्राच्या कसोटीवरही पाहिला गेला आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्याच्या पूर्व भागात साठीपुढील २५८ व्यक्तींचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गट करण्यात आले. एका गटाने १४ आठवडे, आठवड्यातून एकदा, एकत्र गायन केले. तीन महिन्यांनंतर त्या गटातील लोकांची चिंता व खिन्नता दुसऱ्या गटाच्या मानाने कमी आढळली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातही वृद्धांच्या १२ केंद्रांतील ३९० जणांवर असाच प्रयोग झाला. सहा महिन्यांनी गाणाऱ्यांचा एकाकीपणा कमी झाला व जीवनातील रस वाढला, असे दिसून आले. मात्र स्मरणशक्तीत किंवा पायांच्या बळात विशेष फरक पडला नाही. तेव्हा गाणे म्हणजे सर्व दुखण्यांवरील औषध, असे समजू नये. देश निराळे, गाणी निराळी. पण दोन्हीकडे गाण्याने दिली ती सोबतच.

मुलांनो, तुमच्याही घरी आजी-आजोबा असतील. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्या नुसत्या ऐकू नका, तिच्याबरोबर म्हणा. अंधारात वाट दिसत नाही, एवढ्याच कारणाने कित्येक वृद्ध भजनास जाण्याचे सोडून देतात. त्यांचा हात धरून त्यांना देवळापर्यंत पोचविणे तुम्हांस कठीण नाही. त्या शंभर पावलांनी एक मुका झालेला कंठ पुन्हा गाऊ लागेल.

स्वाध्याय

१. समूहात गाताना थकलेल्या माणसाला कोणता आधार मिळतो?
२. दोन्ही प्रयोगांतून कोणत्या गोष्टी दिसून आल्या? कोणत्या दिसून आल्या नाहीत?
३. घरातील वडीलधाऱ्यांकडून एक जुने गाणे शिका व वर्गात सर्वांनी मिळून म्हणा.