पोटातील जंतू, ॲसिडिटीची गोळी आणि फसवा रिपोर्ट

तथागत बुद्धांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही, तर दुःखाला कारण असते, तेही शोधा, असे सांगितले. शरीराच्या दुखण्यालाही हाच न्याय लागू पडतो.

अल्सर म्हणजे जठरातील किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीची जखम. ती तिखट खाण्याने व काळजीने होते, अशी समजूत फार वर्षे होती. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरन व डॉ. बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन पाहिला. त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सर व जठराचा कर्करोग या दोहोंशी त्याचा संबंध आहे.

हा जंतू युरिएज नावाचे द्रव्य तयार करतो. श्वासाची तपासणी व दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्याची झटपट तपासणी त्यावरच आधारलेली आहे. शौचाच्या तपासणीत जंतूचे अंश शोधतात.

आपल्यापैकी पुष्कळजण सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल घेतात. या गोळीने आम्ल कमी होते, जंतूंची संख्या घटते व युरिएजही मंदावते. जंतू मरत मात्र नाहीत. काही जठराच्या वरच्या भागाकडे सरकतात. मग रिपोर्ट 'निगेटिव्ह' येऊ शकतो, रोगी निर्धास्त होतो आणि जंतू आत तसाच राहतो. पुढे रक्तस्राव झाल्यावर डोळे उघडतात.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) तपासणीपूर्वी ही गोळी २ आठवडे, तर प्रतिजैविके व बिस्मथ ४ आठवडे बंद असावी लागतात.

(२) गोळी चालू असताना 'पॉझिटिव्ह' आलेला रिपोर्ट सहसा खरा असतो. शंका घ्यावी ती 'निगेटिव्ह' रिपोर्टची.

(३) रक्ताच्या तपासणीवर गोळीचा परिणाम होत नाही. पण जंतू आज आहे की पूर्वी होता, हे तिच्यावरून कळत नाही.

(४) उपचार संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी जंतू गेला की नाही, हे पुन्हा तपासावे.

(५) गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रक्तस्राव झालेल्यांनी किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. डॉक्टरांना विचारावे.

आपल्या घरातील वडीलधारी माणसे अशी गोळी 'गॅसची' म्हणून घेतात व डॉक्टरांना सांगत नाहीत. विद्यार्थी मित्रांनी तपासणीला जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. नुसत्या ऐकण्यावर विसंबू नका, पारखून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश हातातल्या रिपोर्टलाही लागू आहे.