मूलपेशींच्या मोहात पडलेल्या पालकांस

दहावी-बारावीच्या निकालांची धामधूम ओसरते न ओसरते तोच पालकांच्या पृच्छांचा ओघ सुरू होतो, आणि अलीकडे त्यांत एक प्रश्न इतक्या नेमाने येऊ लागला आहे की त्याचे उत्तर एकदा छापूनच टाकावे: ‘नीटमध्ये मनाजोगते गुण पडले नाहीत, अमुक खासगी विद्यापीठात स्टेम सेल आणि कर्करोग या विषयाची पदवी निघाली आहे, भविष्य त्यातच आहे असे म्हणतात, मुलीला तेथे घालावे काय?’ शुल्काचा आकडा बहुधा पत्राच्या अगदी शेवटी, जरा संकोचाने लिहिलेला असतो. माझे उत्तर एका शब्दाचे आहे: नको. त्याची कारणे मात्र विस्ताराने सांगितली पाहिजेत, कारण ती त्या शास्त्राच्याच पोटात आहेत.

मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, विभाजनातून स्वतःसारखी पेशी तर निर्माण करतेच, शिवाय विशिष्ट कामे करणाऱ्या पेशींनाही जन्म देते; आपल्या शरीरात रोज अब्जावधी रक्तपेशी नष्ट होतात, ती तूट अस्थिमज्जेतील अत्यल्प मूलपेशींच्या वंशजांकडून भरून निघते. अशा पेशी असाव्यात हा तर्क जुनाच होता. प्रयोगाने तो सिद्ध करण्याचे श्रेय कॅनडातील टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलक या दोघांचे. त्यांनी किरणोत्साराने उंदरांची मज्जा निकामी केली आणि निरोगी उंदरांच्या मज्जेतील पेशी त्यांना टोचल्या, तेव्हा सुमारे दहा दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठलेल्या आढळल्या. पेशी दुप्पट टोचाव्यात तर गाठीही दुप्पट, आणि साधारणतः दहा हजार पेशींमागे गाठ एक, असा हिशेब 1961 साली प्रसिद्ध झाला. एकेका गाठीचे मूळ एकेक पेशी असते, हे गुणसूत्रांवरील खुणांच्या आधारे 1963 साली पक्के झाले. मॅकुलक वैद्यकाचे पदवीधर होते, टिल भौतिकशास्त्राचे. आणि या प्रयोगाचा सारा प्राण मोजणीत होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

याच टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने 1994 साली दाखवून दिले की रक्ताच्या एका कर्करोगात उंदराच्या शरीरात तो रोग नव्याने उत्पन्न करण्याचे सामर्थ्य फारच थोड्या पेशींत असते. पुढे 2003 साली अमेरिकेतील मिशिगन येथे स्तनाच्या कर्करोगातही तशाच पेशी आढळल्या. औषधांनी गाठ विरघळली तरी या मोजक्या पेशी तगून राहतात आणि शेतातील हरळी वरवर कापली तरी मुळ्यांतून पुन्हा फुटते तसा रोग उलटतो, असा एक मोहक सिद्धांत त्यावरून मांडला गेला. परंतु त्याच मिशिगनमध्ये 2008 साली त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाची फेरतपासणी झाली. दहा लाखांत एखादीच पेशी गाठ उठवते असे पूर्वीच्या मोजणीत दिसले होते. प्रतिकारशक्ती अधिकच क्षीण असलेले उंदीर वापरताच चारांतील सुमारे एक पेशी गाठ उठवू लागली. ती दुर्मीळता पेशींची नव्हती, प्रयोगाच्या पद्धतीची होती. आज हा सिद्धांत काही कर्करोगांना चांगला लागू पडतो, काहींच्या बाबतीत वादग्रस्त आहे. आणि जे शास्त्र आपलाच पाया असा पुनःपुन्हा तपासून पाहते, त्याच्या नावाची तयार पदवी सतराव्या वर्षी विकत घेणे यात मला शहाणपण दिसत नाही.

नोकरीच्या जाहिरातींविषयीही एक इशारा देतो. संधिवातापासून मतिमंदत्वापर्यंत सर्व काही मूलपेशींनी बरे करू म्हणणारी चिकित्सालये या पदवीधरांना हुद्दे देतात खरे. परंतु आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 साली जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य व्याधींवरील रक्तमूलपेशींचे रोपण वगळता, असे अन्य उपचार संमत चाचण्यांबाहेर करता येत नाहीत. आपल्या अपत्याची पहिली नोकरी अशा दुकानात असावी काय, हे पालकांनीच ठरवावे.

एम.बी.बी.एस. होऊन रक्तविकारतज्ज्ञ होण्याचा किंवा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रुजू होण्याचा मार्ग सर्वांस ठाऊक आहे. त्यावर शाई खर्च करीत नाही. मुलीने डॉक्टरच व्हावे या वडिलांच्या आग्रहाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पुण्याच्या कमल समर्थ यांनी डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती, आणि ते वडील स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने यांतील एकही गोष्ट केली नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली, सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांवर तिने एम.एस्सी.चा प्रबंध लिहिला, एका गणितज्ञाशी लग्न केले, आणि मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली डॉक्टरेट मिळवली. याच डॉ. कमल रणदिवे, उंदरांतील स्तनकर्करोगावर त्यांनी मूलगामी काम केले, देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, आणि 1982 साली त्यांस पद्मभूषण मिळाले. वडिलांच्या फर्मानाबरहुकूम त्या वागल्या असत्या तर एक चांगली डॉक्टर झाली असती, याविषयी मला शंका नाही. पण ज्या मुलीला पेशींचेच कुतूहल आहे तिला तीन-तीनदा नीटला बसवणारे पालक नेमके काय वाचवू पाहतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

तेव्हा माझी शिफारस साधी, आणि म्हणूनच अप्रिय आहे: प्राणिशास्त्र, रसायन किंवा भौतिक यांपैकी एका विषयाची चांगल्या महाविद्यालयातील साधी बी.एस्सी., आणि तिच्याबरोबर संख्याशास्त्र. विशेष अभ्यास पुढे, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, मुंबईजवळ खारघरला किंवा पुण्यात पेशींवर जेथे खरोखर संशोधन चालते तेथे करावा. मात्र हा मार्ग अकरावीच्या प्रवेश अर्जावरच बंद होऊ लागतो, कारण ‘बायोलॉजीवालीला गणित कशाला’ अशी मसलत घरोघर चालते आणि विषयांच्या रकान्यातून गणित निमूटपणे गळते. पालकहो, ते गळू देऊ नका. पुण्याच्या आयसर या ज्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अशी मुले खरी शोभतात, तेथील प्रवेश परीक्षेत साठ प्रश्न असतात, आणि त्यांपैकी पंधरा गणिताचे असतात.