एट्रियल फिब्रिलेशन : हेतुपरीक्षण व धोक्याचे मूल्यमापन

नाडी अनियमित लागली एवढ्याने व्याधी कळत नाही. तिचा हेतू व पुढील धोका शोधणे हे वैद्याचे खरे काम होय. किनवट वा उदगीरकडून आलेला रुग्ण धडधड, दम किंवा थकवा सांगतो आणि नाडी कोणत्याही क्रमाशिवाय पडते, तेव्हा एट्रियल फिब्रिलेशनची शंका घ्यावी. हृदयावर मोजलेले ठोके मनगटावरील नाडीपेक्षा अधिक भरल्यास शंका बळावते. निश्चिती मात्र ईसीजीनेच करावी.

हेतुपरीक्षण

तरुण वा मध्यमवयीन रुग्णास बालपणी घसादुखीनंतर ज्वर येऊन सांधे सुजले होते काय, हे अवश्य विचारावे. त्या संधिज्वराने हृदयाची द्विदल झडप अरुंद होते. तिच्यासाठी इकोकार्डिओग्राफी आवश्यक आहे. उतारवयात उच्च रक्तदाब, मधुमेह, हृद्धमनीविकार व हृदयाची दुर्बलता प्रथम पाहावी. थायरॉइडची अतिक्रिया, मद्यपान, स्थूलता व झोपेत श्वास अडणे हे हेतू कोणत्याही वयात तपासावेत.

धोक्याचे मूल्यमापन

चरकाचार्यांनी हृदय, शिर व बस्ती ही प्रधान मर्मे मानली. येथे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात साकळलेली गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात घडवते. म्हणून गुण मोजावेत : ७५ वा अधिक वय आणि पूर्वीचा पक्षाघात यांस प्रत्येकी २, ६५ ते ७४ वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयदुर्बलता व धमनीविकार यांस प्रत्येकी १. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शनानुसार बेरीज २ वा अधिक असल्यास गुठळीरोधक औषध द्यावे. द्विदल झडप मध्यम वा तीव्र अरुंद असल्यास गुणांची वाट पाहू नये. अशा संधिज्वरजन्य विकारात वॉरफेरिनसारखी औषधे रिव्हरॉक्सॅबॅनपेक्षा सरस ठरल्याचे २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात दिसले.

औषधालयांसाठी

वॉरफेरिन घेणाऱ्यास लसणाचे सत्त्व वा गुग्गुळकल्प देण्यापूर्वी रक्तस्रावाचा धोका ध्यानी घ्यावा. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने पोटॅशियम घटते, त्यामुळे डिगॉक्सिन विषारी ठरू शकते. वत्सनाभ स्वतःच हृदयगती बिघडवू शकतो. असे कल्प अशा रुग्णास विचारल्याविना देऊ नयेत.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे रुग्ण पाठवताना नाडी, रक्तदाब, पूर्ववृत्त व चालू औषधांची नोंद सोबत द्यावी. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे वा वाचा जाणे दिसताच क्षणाचाही विलंब करू नये. आमची आग्रहाची विनंती आहे की, अर्जुनारिष्टादी कल्प सुरू केले म्हणून गुठळीरोधक औषध बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.