कालिंदी कुंजपर्यंत

हौज खासला उतरायचं, हे मी एका सकाळी विसरले.

मुनिरकाला दिल्ली मेट्रोची मॅजेंटा लाइन धरायची, तिसऱ्या स्टेशनवर, म्हणजे हौज खासला उतरून यलो लाइनने सिकंदरपूर आणि पुढे ऑफिस. वर्षभर रोजचा हाच रस्ता. मुनिरका ते हौज खास सगळं जमिनीखालून. त्यामुळे डोळ्यांवर ऊन आलं तेव्हा मी दचकले. ओखला मागे पडलं होतं, गाडी कालिंदी कुंजला उभी होती, पुढे यमुना. मला झोप लागली नव्हती. डोळे टक्क उघडे होते. डोक्यात आदल्या रात्री पाठवलेल्या फाइलमधला एक आकडा फिरत होता, एवढंच.

मी नांदेडची. मुनिरका गावात चौथ्या मजल्यावर खोली. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागते. दिवस की रात्र, ते फोनमध्ये बघायचं. त्यातल्या त्यात परवडतं म्हणून जेएनयूची पोरं, ईशान्येकडच्या मुली आणि आमच्यासारखे गुडगावला जाणारे सगळे इथेच. रात्री बाराला जिन्यात घरमालकीण आंटी विचारायच्या, "बेटा, इतनी देर?" मी म्हणायची, "सब ठीक है, आंटी." मॅनेजरला, "हो जाएगा." आईला, "मजेत आहे गं." तीन उत्तरं नव्हती ती, एकच थाप होती.

शरीर मात्र चार महिने बोलत होतं. रविवारी दुपारी चारपासून पोटात गोळा यायचा. छातीत जळजळ, म्हणून रोज ॲसिडिटीची गोळी. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. झोप येईना तेव्हा रूममेटने तिच्या पाकिटातली गोळी दिली, ती मी आठवडाभर घेतली. माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा हाच. अशा काही गोळ्यांची सवय लागते, आणि त्या एकदम बंद केल्या तर त्रास वेगळाच. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी कुणीही, कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. आणि छातीत दुखलं तर "टेन्शन असेल" हे निदान आपलं आपण करू नका. डॉक्टरांनी माझा ईसीजी, रक्तदाब, थायरॉइड आधी पाहिलं. बी १२ कमी निघालं. मग त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हौज खासहून दोन स्टेशनांवर एम्स आहे, रस्त्यापलीकडे सफदरजंग. मी रोज त्याच स्टेशनवर गाडी बदलून उलट्या दिशेला जात होते.

डॉक्टरांकडे जाणंही होत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीतूनही बोलता येतं. आरोग्य विमा असेल तर त्याचे कागद काढून बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं.

आमच्या ऑफिसने तणावावर उपाय म्हणून शुक्रवारी ध्यानाचं सत्र ठेवलं होतं. हजेरी एक्सेलमध्ये. त्या तासाचं काम शनिवारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, ती नोकरीच्या जागी साचत गेलेल्या तणावाची. त्याला त्यांनी आजार म्हटलेलं नाही. मग दीर्घ श्वास एकट्या नोकरदारानेच का घ्यायचे? याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२१ मध्ये मांडलेला हिशेब मी नंतर वाचला: आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक. माझे तास सत्तरच्या घरात जात होते.

ऑफिसात भांडायची माझी छाती नव्हती. यादी करता येत होती. एक आठवडा प्रत्येक काम लिहिलं: कुणी सांगितलं, कधी, कधीपर्यंत हवं. तेवीस कामं निघाली, तीन जणांची, आणि प्रत्येकाचं 'आज ईओडी', म्हणजे दिवस संपायच्या आत. तिघांनाही बाकीच्या दोघांचं ठाऊक नव्हतं. कागद मॅनेजरपुढे ठेवून एकच विचारलं, "यातलं आधी कोणतं?" पहिल्यांदा त्यांनी खांदे उडवले. पुढच्या सोमवारी मी तोच प्रश्न मेलवर विचारला, तिघांनाही जोडून. दोन कामं दुसऱ्याकडे गेली. तक्रार केली की आपण नाजूक ठरतो. यादीला तसं म्हणता येत नाही.

सगळं सुटलं नाही. आठ महिन्यांनी नोकरी बदललीच, पण चार महिन्यांचं भाडं बाजूला टाकून. रागाच्या भरात त्या कालिंदी कुंजच्या फलाटावरूनच राजीनामा टाइप केला होता, तो पाठवला नाही हे नशीब.

पाठवायच्या ऐवजी आईला फोन लावला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सचखंडचं तिकीट बघ."

नांदेडच्या त्या गाडीला वेटिंग ४७ होतं. तरी काढलं.