सायकलीची लांब शर्यत आणि तिची तयारी

"मुलांना उपयोगी पडेल असे काही लिहा," अशी स्मरणिकेसाठी चिटणीससाहेबांची आज्ञा झाली आणि आम्ही लगेच होकार दिला. आमच्या वर्गातील दोन मुलांनी एकट्याने धावावयाच्या लांब पल्ल्याच्या, डोंगरातल्या सायकल-शर्यतीचा ध्यास घेतला आहे. त्यांचे वडील आम्हांस वरचेवर विचारतात, "मास्तर, जिवाला धोका नाही ना?" धोका आहे. तो कोठे आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

या प्रकारातील नावाजलेली शर्यत म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका'. १९८२ मध्ये चार स्वारांनी तिची सुरुवात केली. अंतर सुमारे ४८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत आणि पाय थकल्यावर अॅपलेशियनचे उभे चढ. पन्नाशीच्या आतील एकट्या पुरुष स्वाराला मुदत १२ दिवसांची. हिशेब करा : रोज ४०० किलोमीटर, म्हणजे सुरतेहून जवळजवळ पुणे! जून २०१७ मध्ये नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती ११ दिवस १८ तासांत पुरी केली आणि मागोमाग नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ ११ दिवस २१ तासांत पोहोचले. एकट्याने ही शर्यत पुरी करणारे हे पहिले दोन भारतीय. गोकुळनाथांना आदल्या वर्षी ती अर्धवट सोडावी लागली होती. तेव्हा पहिल्या अपयशावरून पालकांनी मुलाची सायकल विकावयास काढू नये.

आता आमची फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही बारडोली, उनाई, वघईमार्गे सापुताऱ्यास सायकलने निघालो. पहाटे चहा घेतला आणि भूक नाही म्हणून दुपारपर्यंत काही खाल्ले नाही. वघईपुढे घाटात एकाएकी पाय जड झाले, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याच्या कडेला बसलो. एका टेम्पोवाल्याने गूळ-शेंगदाणे दिले आणि वर टेम्पोत घातले!

कारण साधे होते. स्नायूंत व यकृतात साखरेचा साठा असतो. नेटाने सायकल मारली तर तो दोन-तीन तासांत संपत येतो. म्हणून भूक लागण्याआधी, दर अर्ध्या तासाला थोडे खावे : केळे, खजूर, चिक्की. पाण्याबरोबर मीठही जावे. घाम गाळून नुसते पाणीच ढोसत राहिल्यास रक्तातले मीठ उतरते, आणि तेही घातकच.

सराव हळूहळू वाढवावा, दर आठवड्याला फार तर दहावा हिस्सा, आणि मध्ये विश्रांतीचा आठवडा घ्यावा. सुरतेची जमीन सपाट. तापीवरचे पूल हेच आमचे चढ! म्हणून महिन्यातून एकदा तरी डांगचा घाट गाठावाच. बैठकीची उंची जाणत्याकडून बसवून घ्यावी, नाहीतर गुडघे जातात. मानेचेही तसेच. १९८३ च्या त्या शर्यतीत मायकेल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके वर धरवेना. त्या दुखण्याला त्यांचेच नाव पडले. खडकाळ वाटेवर चाकातली हवा किंचित कमी ठेवावी, पकड चांगली राहते. पंक्चर काढणे मात्र स्वतःस आलेच पाहिजे.

सर्वांत मोठा धोका झोपेचा. थकलेला स्वार चालत्या सायकलीवर डुलकी घेतो, त्याला नसलेली माणसे दिसतात, आणि आपण ठीक आहोत असेच तो सांगत राहतो. म्हणूनच 'एकट्याच्या' त्या अमेरिकेतल्या शर्यतीतही मागून मोटार चालते, आणि केव्हा झोपावयाचे हे बरोबरच्या मंडळींनी ठरवावयाचे असते. वडिलांनी काळजी करावयाची ती येथे.

आमच्या दोघांना येत्या थंडीत प्रथम बारडोलीपर्यंत नेऊन आणावयाचे ठरले आहे. मागून एका पालकाची रिक्षा राहील. घड्याळ आणि केळ्यांची पिशवी आमच्याकडे.